बदलीच्या गावात पर्यावरणाचे काम: थोड्या काळासाठी आलेल्यांनी कोल्हापुरात काय करावे?

वैनगंगा
नमस्कार. बँकेतील बदलीमुळे मी भंडाऱ्याहून कोल्हापूरला आले आहे आणि अंदाजे दोन-तीन वर्षे येथे असेन. आमच्याकडे कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव आहेत. त्यांतील गाळ, बेशरम नावाची पसरणारी वनस्पती आणि मासे यांच्या निमित्ताने गावकऱ्यांसोबत थोडेफार काम केले आहे. येथे आल्यावर रंकाळा पाहिला, पंचगंगेचा घाट पाहिला आणि सुट्टीच्या दिवशी आपणही काही करावे असे मनापासून वाटू लागले.

माझा प्रश्न दुहेरी आहे. येथे अनेक छोटे निसर्गगट आहेत असे ऐकते. नवख्या माणसाने त्यांच्यापर्यंत पोहोचावे कसे आणि कोणते काम मागावे? दुसरा प्रश्न मला अधिक छळतो. ज्या व्यक्तीचा मुक्काम ठरावीक आहे, तिने येथील नदीविषयी आणि तळ्यांविषयी मत मांडावे का, की सांगितलेले काम मुकाट्याने करावे? एखाद-दुसऱ्या रविवारी जायचे, छायाचित्रे काढायची आणि पुन्हा फिरकायचे नाही, अशी माणसे आमच्या तलावांवरही येत असत. त्यांच्यामागे आवराआवर गावालाच करावी लागे. तसे माझ्या हातून येथे घडू नये, म्हणून आधी विचारते आहे.

रंकाळा_वेस
वैनगंगाताई, कोल्हापुरात स्वागत आहे. गट शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे सकाळी लवकर रंकाळा किंवा कळंबा तलावाच्या काठावर जाणे. दुर्बीण गळ्यात अडकवलेली किंवा हातात पोते आणि पंजा घेतलेली माणसे दिसली की त्यांच्याशी बोलावे. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातही पाखरांच्या आणि झाडांच्या नोंदी ठेवणारी बरीच मंडळी भेटतील. समाजमाध्यमांवर ज्यांचा गाजावाजा कमी आहे, असे गट बहुधा अधिक काळ टिकलेले असतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

मत मांडावे का, याविषयी माझे उत्तर स्पष्ट होकारार्थी आहे. फक्त आधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहून घ्यावा. ऑगस्टमधील पंचगंगा आणि एप्रिलमधील पंचगंगा यांचे रूप इतके वेगळे असते की, एकच ऋतू पाहून बनवलेले मत दुसऱ्या ऋतूत टिकत नाही.

गगनबावडा_वळण
जूनमध्ये मसाई पठारावर वृक्षारोपणाचा बेत ठरतो आहे. ताई, आपणही जरूर या.

टिबुकली
नवीन माणसाला मी नेहमी एकच काम सुचवते: एक पाणथळ निवडा आणि तेथील पक्ष्यांची नोंद ठेवा. या कामाला ओळखीपाळखी लागत नाहीत, कोणाची परवानगी लागत नाही आणि तुम्ही परगावी गेलात तरी नोंद मागे राहते. वारकरी, टिबुकली, हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, वंचक, शेकाट्या आणि धोबी एवढे सहज ओळखू येऊ लागले की सुरुवातीला पुरे. आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळी आणि त्याच वाटेने चालावे. जे दिसेल ते संख्येसह ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकावे. काही दिसले नाही तर तेही नोंदवावे, कारण पक्षी न दिसणे हीसुद्धा माहिती असते.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिचा सगळा डोलारा हौशी नोंदकऱ्यांवर उभा आहे. मात्र जानेवारीतील एका दिवसाची गणना वर्षभराच्या नोंदींशी जोडली गेली, तरच तळ्याविषयी काही ठाम सांगता येते. रंकाळ्यावर फिरायला येणारे पुष्कळ आहेत; दर आठवड्याला वही उघडणारे फार थोडे आहेत.

खडा_सवाल
मला येथे वेगळी बाजू मांडायची आहे. स्वयंसेवकांनी नदीकाठ झाडायचा, केंदाळ (जलपर्णी) ओढायचे, प्लास्टिक वेचायचे आणि ज्यांची ती जबाबदारी आहे त्यांनी पाहुणे म्हणून येऊन हारतुरे घ्यायचे, हा प्रकार मी अनेक वर्षे पाहतो आहे.

पंचगंगेचे दुखणे कशात आहे ते पाहा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला ही नदी तयार होते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वाटेत शहरांचे आणि गावांचे सांडपाणी, साखर कारखाने व डिस्टिलऱ्यांचे पाणी आणि पुढे इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगांचे पाणी तिच्यात येते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तेव्हा त्या पाण्याची किंमत लोकांनी जिवाने मोजली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीतही पंचगंगा आहे.

त्यात नदीवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घालतात आणि वाहती नदी तळ्यांच्या साखळीसारखी साचून राहते. साचलेल्या पाण्यात सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद मिळाले की केंदाळ फोफावते. अनुकूल हवेत ते दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि त्याचे बी चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहते. नाले तसेच वाहत असतील, तर एका रविवारी ट्रॉलीभर केंदाळ काढल्याने पुढच्या महिन्यात काय फरक पडणार आहे? ताईंना काही करायचेच असेल, तर हातमोजे बाजूला ठेवून माहिती अधिकाराचे अर्ज लिहावेत.

रंकाळा_वेस
खडा_सवाल, आपले निदान मला पूर्ण मान्य आहे. उपाय मात्र निम्माच मान्य आहे. केंदाळ काढायला आलेला माणूस पाण्यात उतरतो, तेव्हा नाला कोठून येतो, कोणत्या वेळी फेस वाढतो आणि कोणत्या तोंडाशी वास येतो, हे त्याला स्वतः दिसते. ज्यांनी पुढे नेटाने अर्ज केले आणि सुनावण्यांना हजर राहिले, अशी माझ्या माहितीतील बहुतेक माणसे आधी काठावर राबलेली होती. ज्याने नाला जवळून पाहिला नाही, त्याच्या अर्जात नेमकेपणा येत नाही आणि मोघम अर्जाला मोघम उत्तर देऊन फाईल बंद करणे कोणत्याही कार्यालयाला सोपे जाते.

काढलेल्या केंदाळाविषयीही बोलायला हवे. ते काठावरच ढीग करून सोडले की कुजते, त्यातील अन्नद्रव्ये पहिल्या पावसात पुन्हा पाण्यात जातात आणि सगळी मेहनत वाया जाते. ते काठापासून दूर नेऊन कंपोस्ट करण्याची सोय आधी झाली पाहिजे आणि मोहीम नंतर ठरली पाहिजे. आपल्याकडे बहुतेक वेळा मोहीम आधी ठरते.

पाचट
मी करवीर तालुक्यातील शेतकरी आहे. वरील चर्चेत कारखाने आले, नाले आले, पण आमची शेते आली नाहीत, म्हणून लिहितो. उसाला मोकाट पाणी आणि वारेमाप खत दिले जाते, त्यातले जास्तीचे निचऱ्यावाटे ओढ्यात आणि ओढ्यातून नदीतच जाते. हे आम्ही शेतकऱ्यांनी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

तोडणीनंतर शेतात हेक्टरी आठ ते दहा टन पाचट, म्हणजे उसाची वाळकी पाने, राहते. ते पेटवून दिले की संध्याकाळी पंचक्रोशीत धूर भरतो आणि जमिनीला मिळणारा सेंद्रिय माल जळून जातो. पाचट एकाआड एक सरीत दाबून त्यावर थोडे युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू टाकले तर ते कुजते, ओल टिकते आणि तण कमी येते. अडचण मजुरांची असते. तोडणी झाली की शेतकऱ्याला खोडव्याची (त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या उसाची) घाई असते आणि काडी ओढायला काहीच खर्च येत नाही.

शहरातील एखाद्या गटाने हंगामात एकाच गावातील चार-पाच शेतकऱ्यांना धरून पाचट सरीत लावायला मदत केली आणि पुढच्या वर्षी त्यांच्या खोडव्याचा उतारा सगळ्या गावाला दाखवला, तर भाषणांची गरज उरणार नाही. शेतकरी शेजाऱ्याचे शेत पाहून शिकतो. आणि केंदाळाचे कंपोस्ट मुळ्यांतील माती धुऊन, चांगले कुजवून दिले, तर मी स्वतः ते घ्यायला तयार आहे. कारखान्याच्या सांडपाण्याच्या पट्ट्यातील केंदाळ मात्र घेणार नाही, कारण ते पाण्यातील जड धातू शोषून घेते.

जांभ्याचा_सडा
मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. गगनबावडा_वळण यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही मसाई पठारावर झाडे लावू नयेत, अशी त्यांना कळकळीची विनंती आहे.

पन्हाळ्याजवळचे हे पठार जांभा खडकाचे आहे. वर मातीचा थर इंचा-दोन इंचांचा, कोठे तेवढाही नाही. पावसाळ्यात त्यावर पाणी साचते आणि हिवाळ्यानंतर ते तव्यासारखे तापते. अशा ठिकाणी मोठे झाड नैसर्गिकरीत्या येत नाही, आणि म्हणूनच तेथे सीतेची आसवे, तेरडा, सोनकी, दवबिंदू आणि गवताच्या असंख्य जाती येतात. सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती आहेत, कारण त्या पातळ मातीत नत्र जवळजवळ नसते. खड्डे खणून, बाहेरची माती आणि शेणखत टाकून आपण झाड जगवले, तर त्याभोवतीची ही सृष्टी आपण मारतो. माळराने आणि सडे (अशी खडकाळ पठारे) ओसाड नसतात. माळटिटवी, चंडोल आणि धाविक यांचे घर तेच आहे.

झाडे लावायचीच असतील तर गावाच्या परड्यात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी लावा. ओढ्याकाठी करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज. रस्त्याकडेला वड, पिंपळ, वावळ, कडुनिंब. केवळ झटपट वाढतात या मोहाने गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावू नका. बीजगोळे डोंगरावर फेकण्याचाही मोह टाळावा. कोणते बी कोठे पडते आहे याचा विचार त्यात सहसा नसतो आणि पुढे पाहायलाही कोणी जात नाही.

थोड्या काळासाठी आलेल्यांना माझी एक सूचना आहे. लावणीचा दिवस इतरांसाठी सोडा आणि मार्च ते मे या काळातील पाणी घालण्याचे काम मागून घ्या. लावणीला माणसे भरपूर मिळतात. एप्रिलमध्ये कळशी उचलायला मिळत नाहीत.

गगनबावडा_वळण
सर, पठाराविषयी हे मला ठाऊक नव्हते. बेत करणाऱ्यांना आपला प्रतिसाद पाठवला आहे. ओढ्याकाठची जागा पाहण्यासाठी आपण सोबत याल का?

जांभ्याचा_सडा
आनंदाने येईन.

दूरदेशी_करवीर
मी मूळचा शिवाजी पेठेतील असून बरीच वर्षे इंग्लंडमध्ये सरे परगण्यात राहतो. सरांच्या प्रतिसादामुळे येथील एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझ्या घरापासून जवळ बॉक्स हिल नावाची चुनखडीची टेकडी आहे. ब्रिटनमधील संघटित निसर्ग-स्वयंसेवेची एक मोठी परंपरा १९५९ मध्ये तेथूनच सुरू झाली. तरुणांच्या एका तुकडीने जे पहिले काम केले, ते झाडे लावण्याचे नव्हते. चुनखडीच्या माळावर पसरणारी झुडपे तोडण्याचे होते. ती झुडपे वाढली असती तर खालचे गवत आणि रानफुले संपली असती. आजही येथील रविवारच्या कामांत झुडपे छाटणे हे मोठे काम असते आणि काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक अवजार कसे धरायचे, कसे ठेवायचे हे दहा मिनिटे समजावून सांगितले जाते. त्याशिवाय कोणालाही विळा हातात मिळत नाही. आपल्याकडील गटांनी हा एवढा शिरस्ता उचलावा, असे मला फार वाटते.

माझाही प्रश्न वैनगंगाताईंसारखाच आहे, फक्त मुदत आणखी कमी आहे. मी डिसेंबरमध्ये दोन आठवडे घरी येतो. तेवढ्यात कोणाला भार न होता काय करता येईल?

वनवाट
दूरदेशी दादा, दोन आठवड्यांत जंगलातील काम मागू नका, असे मी नम्रपणे सुचवेन. राधानगरी अभयारण्यात वनविभागाबरोबर मी थोडेफार काम करतो. जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे) काढणे, वणवा विझवणे, पाणवठे साफ करणे ही कामे स्थानिक गावकरी आणि वनमजूर करतात, कारण त्यांना वारा आणि उतार कळतो. पाहुण्याला सांभाळण्यात त्यांचाच एक माणूस अडकतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून होणारी प्राण्यांची नोंद हा बाहेरच्यांसाठी चांगला मार्ग आहे. त्यासाठी वनविभागाकडे आधी नाव द्यावे लागते आणि रात्रभर शांत बसण्याची तयारी लागते.

अभयारण्यापेक्षा जास्त गरज मला त्याच्या बाहेर दिसते. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला काजवे पाहायला राधानगरीच्या वाटांवर गाड्यांची रांग लागते. काजव्यांचा प्रकाश हा जोडीदार शोधण्याचा संकेत असतो; मोटारींचे दिवे आणि मोबाईलच्या बॅटऱ्या त्यात व्यत्यय आणतात. त्या दिवसांत वाटेवर उभे राहून दिवे मालवायला सांगणारी, गाड्या लांब थांबवणारी माणसे हवी असतात. हे काम शहरातील माणूस एका संध्याकाळीही नीट करू शकतो.

दुसरे काम गर्दी आवरण्याचे. गवे कोल्हापूरच्या आसपासच्या शिवारांत अधूनमधून येतात. डिसेंबर २०२० मध्ये पुण्यात कोथरूडला आलेला गवा पाठलागाने आणि धावपळीने दमून शेवटी मेला, हे सर्वांना आठवत असेल. गवा दिसल्यावर वनविभागाला सर्वांत मोठा त्रास बघ्यांचा होतो. आपल्या गल्लीतील पोरांना घरात ठेवणे, चित्रफिती पसरवू न देणे, रस्ता मोकळा ठेवणे, एवढे ज्याने केले त्याने त्या जनावराचा आणि माणसांचाही जीव वाचवला. साप पकडण्याच्या हौसेविषयीही सांगतो: वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय ते करता येत नाही आणि चित्रफिती पाहून तर ते मुळीच शिकू नये.

टिबुकली
दूरदेशी दादा, आपला डिसेंबर पाखरांसाठी उत्तम महिना आहे, स्थलांतरित पक्षी तेव्हा पाण्यावर असतात. दोन आठवडे रोज सकाळी कळंब्यावर या. आपल्या घरी जुन्या वह्या, जुनी छायाचित्रे असतील तर तीही पाहा. १९७०-८० च्या दशकातील रंकाळ्याच्या काठाचे एखादे तारखेसह छायाचित्र आमच्यासाठी फार मोलाचे आहे, कारण तेव्हा पाणवनस्पती कोठवर होत्या हे त्यातून कळते. हे काम परदेशात बसूनही करता येईल.

राजारामपुरी_दवाखाना
मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून एका विषयापुरते लिहितो. केंदाळ काढताना साचलेल्या पाण्यात उतरणाऱ्यांनी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि जाड रबरी हातमोजे घातलेच पाहिजेत. उंदीर-घुशी आणि जनावरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात येतात आणि कातडीवरील बारीक जखमेतूनही शरीरात शिरतात. पायाला चीर असेल तर त्या दिवशी काठावर थांबून दुसरे काम करावे. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. काम झाल्यावर एक-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत जोराची कळ किंवा डोळ्यांत लाली आली, तर डॉक्टरांकडे जाऊन “मी नदीच्या पाण्यात उतरलो होतो” हे आवर्जून सांगावे. ते सांगितले नाही तर निदानात वेळ जातो. वाळत घातलेल्या केंदाळाच्या ढिगात घोणस बसलेली असू शकते, तेव्हा ढीग हाताने उपसू नये, आधी लांब काठीने हलवावा.

मंगळवार_पेठ
आमचे तरुण मंडळ आहे. गणपतीच्या दिवसांत घाटावर काहिली (पाण्याने भरलेल्या मोठ्या कढया) ठेवून विसर्जन करण्याची आणि मोठ्या मूर्ती इराणी खण या पाणी साचलेल्या जुन्या खाणीत नेण्याची पद्धत आता शहरात बरीच रुळली आहे. हे एका वर्षात झालेले नाही. सुरुवातीला काहिलीजवळ उभ्या राहणाऱ्यांना लोकांची बोलणी खावी लागली. बदल झाला तो घराघरांत जाऊन, आरतीच्या वेळी बोलून, वडीलधाऱ्यांना आधी विश्वासात घेऊन.

या अनुभवावरून वैनगंगाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो. काहिलीजवळ जो माणूस “मूर्ती येथे द्या” असे सांगतो, तो त्याच गल्लीतला, घरच्यांनी लहानपणापासून पाहिलेला असावा लागतो. श्रद्धेच्या गोष्टीत परक्याने सांगितलेले लोकांना टोचते, मग तो कितीही नम्र असो. पण काहिलीच्या मागे जे काम असते, त्याला कोणीही चालते. निर्माल्यातून दोरे, प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल आणि कापड वेगळे काढल्याशिवाय त्याचे खत होत नाही. ते काम पहाटेपर्यंत चालते आणि तेव्हा घाटावर माणसे उरलेली नसतात. होळीचेही तसेच आहे. “होळी लहान करा, पोळी दान करा” हे आवाहन आम्ही पेठेतच करतो आणि वाचलेल्या शेणी (गोवऱ्या) पंचगंगा स्मशानभूमीला देतो. शेणी गोळा करून गाडीत भरायला बाहेरच्या मित्रांचे हात फार उपयोगी पडतात.

खडा_सवाल
मंगळवार_पेठ यांचे म्हणणे मला पटले. तरीही मूळ मुद्दा सोडत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा या शहरातील तालमी, मंडळे, महाविद्यालयीन मुले रात्रंदिवस राबली. संकटात धावून जाणे आपल्या रक्तात आहे. पाणी ओसरल्यावर झाडांच्या फांद्यांवर लटकलेले प्लास्टिक मात्र महिनोन्‌महिने तसेच राहिले, पूररेषेत भराव टाकले जात राहिले आणि त्याविरुद्ध हरकत घ्यायला किती जण गेले? मला खंत याची आहे की, स्वयंसेवेची आपली कल्पना अंगमेहनतीपाशी थांबते.

शाहूपुरी_आजी
मी सत्तरी ओलांडली आहे, गुडघ्यांमुळे वाकता येत नाही आणि पाण्यात उतरणे तर शक्यच नाही. खडा_सवाल म्हणतात ते अर्ज लिहिण्याचे काम मी एका गटासाठी करते. शहरात झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५ च्या कायद्यानुसार त्याची सूचना प्रसिद्ध होते आणि नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वेगळे संरक्षण मिळाले आहे. मी रोज वर्तमानपत्रातील अशा सूचना वाचते, गटातील तरुणांना झाड पाहून यायला सांगते, त्यांनी आणलेला घेर आणि छायाचित्र जोडते आणि हरकत लिहून देते. प्रत्येक वेळी यश येत नाही. पण रस्ता रुंदीकरणात जाणारे वडाचे एक झाड आराखडा थोडा वळवल्यामुळे वाचले आहे, आणि त्याच्या सावलीतून जाताना मला अपार समाधान वाटते.

वैनगंगाताई, आपण बँकेत आहात. गटांना खुरप्याइतकीच हिशोब जाणणाऱ्या माणसाची गरज असते, हे कोणी बोलून दाखवत नाही. नोंदणीकृत संस्थेला दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, पावत्या जपाव्या लागतात. निसर्गावर प्रेम करणाऱ्या मुलांना नेमके हेच जमत नाही आणि त्यापायी चांगली कामे बंद पडलेली मी पाहिली आहेत.

पाचट
आजींना माझा नमस्कार. आमच्या गावात ऊस आहे, पण बांधावरील झाडांच्या वतीने हरकत लिहिणारे कोणी नाही.

वैनगंगा
सर्वांचे मनापासून आभार. काही गोष्टी मनाशी ठरवल्या आहेत, त्या लिहिते. चुकत असेन तर सांगावे.

टिबुकलीताईंनी सांगितल्याप्रमाणे कळंब्याच्या काठाची एक वाट मी निवडते आहे. ही नोंद एकटीने ठेवायची नाही, असे वाटते. कळंब्याजवळील एखाद्या शाळेतील दोन-तीन मुली सोबत असाव्यात, म्हणजे माझी बदली झाल्यावर वही त्यांच्याकडे राहील. आजींच्या सूचनेप्रमाणे एखाद्या गटाचा हिशोब लावून देईन, त्याबरोबरच त्यांच्यातील कोणाला तरी तो शिकवेन. घाटावरील निर्माल्य वेगळे करण्यासाठी मंगळवार_पेठ यांनी मला आधी कळवावे, मी पहाटेपर्यंत थांबेन.

मत मांडण्याविषयी रंकाळा_वेस म्हणाले तसे एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहीन. मात्र खडा_सवाल यांच्या मुद्द्यावरून एक विचारावेसे वाटते. आमच्याकडे तलावाच्या पाण्याची साधी तपासणी आम्ही महाविद्यालयाच्या मदतीने करत होतो. तशी येथे कोणी नियमित करते का? आकडे हाती असतील तर मी नवखी आहे की जुनी, याला महत्त्व राहणार नाही.

खडा_सवाल
ताई, सरकारी तपासणी होते आणि तिचे आकडेही प्रसिद्ध होतात. नागरिकांची स्वतंत्र, सातत्याची नोंद मात्र असायला हवी, आणि या कामाला मी स्वतः येतो. जयंती नाला नदीला मिळतो त्याच्या वर एक आणि खाली एक अशा दोन जागा धरू. दोन्हींचे नमुने एकाच सकाळी घ्यावेत. विरघळलेला प्राणवायू जागेवरच मोजावा किंवा रसायन घालून बाटलीतच स्थिर करावा, कारण प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तो बदलतो. नदीत उघड्यावर स्नान करण्यायोग्य पाण्यासाठी लिटरला किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू, जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम जैविक प्राणवायू मागणी (पाण्यातील घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) आणि ६.५ ते ८.५ सामू (पीएच) असा केंद्रीय निकष आहे. दर महिन्याला याच तीन गोष्टी मोजल्या आणि वर्षभराचा तक्ता अर्जाला जोडला, तर मोघम उत्तर देणे अवघड होईल. रंकाळा_वेस यांनी मोघम अर्जाविषयी जे म्हटले, ते मी मान्य करतो.

जांभ्याचा_सडा
मोजणीसाठी महाविद्यालयातील विद्यार्थी आणि साधने यांची जबाबदारी मी घेतो. प्रत्येक नमुन्याबरोबर हवामान, पाण्याची पातळी आणि बंधाऱ्याचे बरगे घातलेले आहेत की काढलेले, हे न विसरता लिहावे. त्याशिवाय दोन महिन्यांच्या आकड्यांची तुलना करता येणार नाही.

दूरदेशी_करवीर
डिसेंबरमधील नमुन्याच्या सकाळी मी बाटल्या धरायला येईन. शिवाजी पेठेतील घरी जुन्या छायाचित्रांचा शोधही सुरू करायला भावाला सांगितले आहे.

रंकाळा_वेस
बरगे पावसाळ्याच्या तोंडावर काढले जातात, म्हणून पहिला नमुना त्याआधी, मे महिन्यातच घेऊ. केंदाळाची पुढची मोहीम घाटाच्या वरच्या अंगाला आहे आणि पाचट यांची ट्रॉली मिळाली तरच ती ठरवेन. काढलेला ढीग पहिल्या पावसापूर्वी काठावरून हलला पाहिजे. पाचट, आपल्या शिवारात कंपोस्टच्या खड्ड्यासाठी ओढ्यापासून लांबची, उंचावरची जागा आहे का?

पाचट
आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला पड जमीन आहे, पण तेथून पाझर विहिरीत उतरेल म्हणून ती नको. रस्त्याकडचा कोपरा देतो. रविवारी येऊन पाहा.